मिस्त्रींनी सुधारलेली बाटली

घरात नवी वस्तू आली की मिस्त्रींचे हात शिवशिवायला लागत. वस्तू बिघडलेलीच असायला हवी, अशी त्यांची अट नव्हती. बिघडलेली असली तर ते तिची दुरुस्ती करत आणि धडधाकट असली तर सुधारणा. शिलाई मशीन दुरुस्त करण्यात सगळा जन्म गेलेला माणूस. सगळी गल्ली त्यांना मिस्त्रीच म्हणायची. खरं नाव विचारलं असतं तर शेजाऱ्यांनीही डोकं खाजवलं असतं. त्यांनी दाराची कडी अशी सुधारली होती की चोराचं सोडा, पाहुण्यालाही ती उघडता येत नसे. स्वयंपाकघरातलं बटण सुधारल्यापासून दिवा लावायला गेलं की पंखा फिरायचा. पण न्यायाने बोलायचं तर त्यांच्या निम्म्या सुधारणा खरोखरच उपयोगी पडत आणि उरलेल्या निम्म्या घरच्यांच्या अंगवळणी पडत.

बायको गेली तेव्हा मात्र या माणसाने पेचकस खाली ठेवला. दुकानात जायचे, एखादं मशीन उघडायचे, आत बघत बसायचे आणि तसंच झाकून ठेवायचे. मुलगा मालट्रकवर ड्रायव्हर. आठवड्यातले बरेच दिवस रस्त्यावरच. घरात उरली सून आणि पहिलीत जाणारी थोरली नात. सून छापखान्यात नोकरीला होती. छापायच्या आधी मजकूर अक्षर न् अक्षर वाचून त्यातल्या चुका काढायच्या, हे तिचं काम. संध्याकाळी घरी आली की ती सासऱ्यांशी मुद्दाम काहीबाही बोलायची. छापखान्यातल्या गमती सांगायची, थोरलीच्या तक्रारी करायची. सासरे "हं" म्हणायचे आणि भिंतीकडे बघायचे.

त्यांना पुन्हा माणसांत आणलं ते लोहाच्या गोळ्यांनी.

सुनेला दुसऱ्यांदा दिवस गेले. फोलिक ॲसिडची गोळी आधीपासून चालू होतीच, पण पुढच्या तपासणीत रक्त कमी निघालं आणि लोहाची गोळी आली, पाठोपाठ कॅल्शियमची. लोहाच्या गोळीने तिला मळमळायचं. म्हणून ती गोळी ती सकाळच्या चहाच्या घोटाबरोबर गिळून टाकायची. दवाखान्यातल्या नर्सने हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "अहो बाई, चहाबरोबर घेतली तर तुमच्या पोटात गोळी गेली काय आणि न गेली काय! चहा ते लोह अंगी लागू देत नाही. आणि कॅल्शियमची गोळी तिच्याबरोबर नको, वेगळ्या वेळेला."

सून घरी आली ती पिशवी टेबलावर टाकून रडवेली होऊन बसली. "हे चहाबरोबर नको, ते ह्याच्याबरोबर नको, ते जेवणानंतर. दिवसभर डोळे फोडून दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि घरी येऊन हे लक्षात ठेवायचं. कुणी ठेवायचं एवढं लक्षात?"

ती कुणाला उद्देशून बोलली नव्हती. पण मिस्त्रींनी भिंतीवरची नजर काढून पिशवीकडे वळवली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी एक लाकडी डबी टेबलावर ठेवली. जुन्या मशीनच्या खणाचं लाकूड, त्याला तीन कप्पे. गंमत अशी की लोहाचा कप्पा उघडला की कॅल्शियमचा अडकून बसायचा आणि कॅल्शियमचा उघडला की लोहाचा. दोन्ही गोळ्या एका वेळी हातात येणंच शक्य नव्हतं. डबी त्यांनी चहाच्या किटलीपासून घरातल्या सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात, खिडकीपाशी बसवली आणि शेजारी संत्री ठेवायला एक टोपली. संत्र्याच्या रसाबरोबर लोह चांगलं लागू पडतं, हे त्यांनी औषधाच्या दुकानात जाऊन विचारलं होतं. कितीतरी महिन्यांनी ते आपण होऊन कुणाशी बोलले होते.

डबी चालली. सुनेच्या गालांवर रंग आला, रक्त वाढलं, पुढे बाळंतपणही सुखरूप झालं. मुलगा झाला. असा गुबगुबीत की दूध पिताना डोळे मिटून आवाज करायचा, म्हणून थोरलीने त्याचं नाव बोका ठेवलं आणि तेच चिकटलं. सून माहेरी गेलीच नव्हती. बाळाला मांडीवर घेऊन ती सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, तुमच्या डबीमुळे हा असा धट्टाकट्टा झाला बघा."

"माझं काय त्यात," मिस्त्री म्हणाले आणि दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्यांनी डबीची गोष्ट सुरुवातीपासून सांगितली. दुकानातून शिट्टी ऐकू यायला लागली. शेजारची शिंपीण तर म्हणाली, "नातू झाला आणि मिस्त्रींना जावळ आलं."

मग थेंबांची बाटली आली.

आईच्या दुधात सगळं असतं, पण हाडं घट्ट व्हायला लागणारं ड जीवनसत्त्व त्यात पुरेसं नसतं. म्हणून डॉक्टरीणबाईंनी बाळासाठी थेंब लिहून दिले होते. बाटली इवलीशी. तिच्या तोंडात एक प्लॅस्टिकचं बूच घट्ट बसवलेलं आणि त्याला बारीक भोक. बाटली उलटी धरायची आणि वाट बघायची. थेंब भोकाशी यायचा, लोंबायचा, विचार करायचा आणि नेमका बोक्याने मान वळवली की खाली पडायचा. कधी हनुवटीवर, कधी कानात. रात्र रात्र जागरण झालेली सून बाटली उलटी धरून उभी असायची आणि उभ्या उभ्या तिचा डोळा लागायचा.

मिस्त्रींनी हे दोन-तीन सकाळी पाहिलं. त्यांचे हात शिवशिवायला लागले.

दुकानातल्या पत्र्याच्या डब्यांत ते काहीच टाकून न देता सगळं साठवत. स्क्रू, स्प्रिंगा, तुटक्या सुया आणि असंख्य झाकणं. त्यातच एक काचेचा ड्रॉपर होता. वर रबरी फुगा, मधोमध लाल खूण. थोरली तान्ही होती तेव्हा तिच्या औषधाबरोबर आलेला. तेव्हा ते औषध पातळ असायचं आणि खुणेपर्यंत भरून द्यावं लागायचं. आता त्याच औषधाचा अर्क अनेक पटींनी दाट करून बाटलीत भरत होते, म्हणून तर एक थेंब पुरत होता. पण दोन्ही बाटल्यांची तोंडं एकाच मापाची निघाली. मिस्त्रींनी बूच उपटलं, ड्रॉपर उकळून घेतला आणि फिरवून बसवला तर आटे अगदी जुळले. आणि आटे जुळले की मिस्त्रींच्या लेखी वस्तू जुळली. मशीनच्या धंद्यात हा नियम त्यांना कधी दगा देऊन गेला नव्हता.

"घे," ते सुनेला म्हणाले. "थोरलीला द्यायचीस तसंच. खुणेपर्यंत भरायचं आणि गालात सोडायचं. वाट बघायला नको आणि सांडायला नको."

सुनेने बाटली हातात घेऊन फिरवून पाहिली. मिस्त्री अंगठा दुसऱ्या तळहातावर घासत समोर उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि तीही हसली. बोक्याने सगळं औषध एका घोटात गिळलं आणि मिटक्या मारल्या. सगळ्या घराने टाळ्या वाजवल्या.

बाटली पाहता पाहता संपली. मुलगा ट्रकवरून येताना परगावच्या दुकानातून नवी घेऊन आला. मिस्त्रींनी ड्रॉपर तिच्यावर चढवला. ती संपली तेव्हा त्याने दुसऱ्या कुठल्या गावातून आणखी एक आणली. "पोर वाढतंय, लागणारच," असं घरातलं प्रत्येक जण दुसऱ्याला सांगत होतं.

बोक्याने तेव्हा नुकती मान धरली होती. आता कुशीवर वळेल, मग पालथा पडेल, अशी सगळ्यांची वाट बघणं चाललं होतं. पण तो वळेना. आधी त्याने दुधाकडे तोंड फिरवायला सुरुवात केली. मग प्यायलेलं उलटून टाकायला लागला. पोट साफ होईना, रडणं थांबेना. मग एके दिवशी रडणंही थांबलं आणि तो नुसता पडून राहायला लागला. सून त्याला छातीशी धरायची आणि तो ओठही हलवायचा नाही. लंगोट बदलताना तिला मांडीची कातडी सैल लागली. मुलगा परगावी होता. तिने बाळ उचललं, मिस्त्रींनी पिशवी उचलली आणि दोघं तसेच दवाखान्यात गेले.

डॉक्टरीणबाईंनी त्याला काट्यावर ठेवलं. आकडा मागच्या वेळेपेक्षा खाली होता. या वयाचं मूल वाढायच्या ऐवजी घटलेलं पाहिल्यावर त्यांनी पुढे काही विचारलंच नाही, आधी दाखल करून घेतलं. रक्त तपासायला गेलं. दुपारी अहवाल आला, तेव्हा त्या स्वतः खाटेपाशी आल्या.

"रक्तात कॅल्शियम फार वाढलंय," त्या म्हणाल्या. "इतकं की त्याचा त्रास मूत्रपिंडांना होऊ शकतो. असं होण्याची कारणं बरीच आहेत, काही जन्मजात असतात. ती सगळी आपल्याला तपासावी लागतील. त्याला थेंब देताय ना? किती देता?"

"रोज देते. न चुकता," सून म्हणाली. "खुणेपर्यंत."

"खूण कसली? या बाटलीला खूण नसते."

सुनेने मान खाली घातली. डॉक्टरीणबाई मिस्त्रींकडे वळल्या. "आजोबा, घर जवळ आहे ना? ती बाटली तेवढी घेऊन या. आत्ता."

मिस्त्री घरी आले. थोरली शेजारी होती, घरात चिटपाखरू नव्हतं. बाटली खिडकीपाशी होती. त्यांनी चष्मा लावून ती उजेडात धरली आणि बारीक अक्षरांतली ओळ पहिल्यांदाच वाचली. रोज एक थेंब. खाली जाड अक्षरांत लिहिलं होतं की त्याहून जास्त देऊ नये.

ते भिंतीला धरून खाली बसले.

कितीतरी वेळाने ते उठले ते दुकानात गेले. पत्र्याचा डबा उघडला. बाटलीचं बूच त्यात होतं. टाकून द्यायचा त्यांचा स्वभावच नव्हता. त्यांनी ड्रॉपर काढला आणि बूच बाटलीच्या तोंडावर ठेवून अंगठ्याने दाबलं. टक् आवाज झाला. बाटली दुकानातून आली तशी दिसायला लागली. इतकी सोपी दुरुस्ती त्यांनी उभ्या जन्मात केली नव्हती.

त्यांच्या मनात तसलं काही नव्हतं, असं सांगता आलं असतं तर फार बरं झालं असतं. पण होतं. औषध सुनेच्या हाताने जात होतं. डॉक्टरांना वाटलं असतं, जागरणाने आईचा अंदाज चुकला, तिने बूच काढून चमच्याने पाजलं असेल. खूण कसली ते नंतर कोण विचारत बसलंय? खापर आपोआप तिच्या डोक्यावर फुटलं असतं आणि तिने ते फोडूनही घेतलं असतं. या घरात म्हाताऱ्याला पुन्हा कुणी नातवाला हात लावू दिला नाही तर जगायचं कशासाठी, एवढाच एक विचार त्यांच्या डोक्यात घुमत होता.

मग त्यांना बोक्याचा हात आठवला. त्या एवढ्याशा हातावर सकाळी नर्सला शीर सापडत नव्हती. एकदा टोचलं, पुन्हा टोचलं आणि त्या पोराने रडायचेही कष्ट घेतले नव्हते. कारणं बरीच असतात, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. सगळी तपासावी लागतील. म्हणजे खरं कारण खिशात घालून आपण बाकावर बसायचं आणि आत पोराला टोचत राहायचं.

मिस्त्रींनी बूच दाताने उपटून काढलं. ड्रॉपर पुन्हा बसवला, बूच शर्टाच्या खिशात टाकलं आणि दवाखान्याकडे जवळजवळ पळतच निघाले.

सून खाटेपाशी तशीच बसली होती. डॉक्टरीणबाईंना ती सांगत होती, "मीच देत होते. माझ्याच हाताने दिलं सगळं."

"थांब पोरी," मिस्त्री म्हणाले. धाप लागली होती, तरी ते मोठ्याने बोलले. आजूबाजूच्या खाटांवरच्या आयांनी वळून पाहिलं. "डॉक्टर, हिचं काही चुकलं नाही. हिला काही माहीत नव्हतं. हे बूच होतं, ते मी काढलं. हा ड्रॉपर मी बसवला, थोरल्या नातीचा जुना. खुणेपर्यंत भरून द्यायचं हे मीच हिला सांगितलं. पोराने मान धरली तेव्हापासून रोज. वाचलं नाही मी. आटे जुळले म्हणून बसवला."

डॉक्टरीणबाईंनी एका वाटीत पाणी मागवलं, ड्रॉपर खुणेपर्यंत भरला आणि रबरी फुगा हळूहळू दाबत एकेक थेंब वाटीत सोडायला लागल्या. थेंब पडत राहिले, पडत राहिले. ड्रॉपर रिकामा होईपर्यंत मिस्त्रींनी नजर हलवली नाही. तेवढी शिक्षा तरी पुरी भोगायची, असं त्यांनी ठरवलं होतं.

"आजोबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्ही हे आत्ता सांगितलंत, फार बरं केलंत. आता मला बाळामध्ये दुसरं काही शोधत बसायला नको. थेंब बंद. सलाइन आणि औषधं देऊ, दुधाचं काय करायचं ते मी आईला समजावून सांगते. वेळ लागेल, जीवनसत्त्व अंगातून लगेच जात नाही. पण कारण कळलंय, हे अर्धं काम झालं."

त्या रागावल्या असत्या तर मिस्त्रींना सोपं गेलं असतं. त्यांनी हात जोडले.

सुनेने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. चादरीची घडी सारखी करत राहिली.

पुढचे दिवस मिस्त्रींनी दवाखान्याच्या बाकावर काढले. मुलगा ट्रक अर्ध्या रस्त्यात दुसऱ्याच्या हवाली करून आला, सगळं ऐकलं, बापाच्या शेजारी बसला आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. सून आतबाहेर करायची. "डबा आणलात?" "थोरली जेवली का?" याच्यापलीकडे ती सासऱ्यांशी एक शब्द बोलली नाही. मिस्त्रींना त्यात काहीच नवल वाटलं नाही. तिच्या जागी ते असते तर त्यांनी उंबरठाही ओलांडू दिला नसता.

मग एके दिवशी सकाळी आतून रडणं ऐकू आलं. कण्हणं नव्हे, खणखणीत भोकाड, भुकेल्या पोराचं. नर्स बाहेर आली ती हसतच. "आजोबा, तुमचा नातू दूध मागतोय. सगळा वॉर्ड डोक्यावर घेतलाय त्याने."

मिस्त्रींचा जीव भांड्यात पडला. त्यांनी नर्सचे आभार मानले, सलाइन लावणाऱ्या मुलीचे मानले, फरशी पुसणाऱ्या बाईचे मानले. दारावरच्या पहारेकऱ्याचेही मानले. तो बिचारा गोंधळून म्हणाला, "मी काय केलं?" "तू रोज आत सोडलंस बाबा," मिस्त्री म्हणाले आणि त्याचा हात हातात घेऊन उभे राहिले. डॉक्टरीणबाईंच्या खोलीत त्या दिवसात त्यांनी इतक्या वेळा डोकावलं की शेवटी त्याच म्हणाल्या, "पोहोचले आभार, आजोबा. आता घरी जाऊन झोपा."

बोका घरी आला. रक्त तपासायला अधूनमधून न्यावं लागायचं, पण दर वेळी आकडा खाली येत होता आणि काट्यावरचा वर जात होता. मूत्रपिंडं शाबूत होती. तो कुशीवर वळला, पालथा पडला. पालथा पडून मागे सरकायला लागला आणि पुढे जायचं असून मागे का जातोय म्हणून संतापायला लागला. खालच्या हिरडीला दोन पांढरे ठिपके आले. थोरलीचे कपडे तर याच काळात आखूड झाले; शेजारची शिंपीण उसवून उसवून थकली.

एकच माणूस वाढायचं सोडून आकसला होता. मिस्त्रींनी घरातल्या कुठल्याही वस्तूला हात लावणं बंद केलं. नळ गळायला लागला, त्यांनी खाली बादली ठेवली. खुर्चीचा पाय हलायला लागला, ते दुसऱ्या खुर्चीवर बसले. बोका त्यांच्याकडे बघून हात पसरायचा, तेव्हा ते लांबूनच टिचक्या वाजवायचे. सून समोरून आली की वाट देऊन बाजूला व्हायचे. तीही खाली बघून निघून जायची. दोघांच्या मध्ये ती बाटली उभी होती आणि दोघंही तिला वळसा घालून घरात वावरत होते.

असे काही महिने गेले. बोका धरून उभा राहायला लागला त्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी ताजा अहवाल पाहिला आणि त्या म्हणाल्या, "सगळं ठीक आहे. आता थेंब पुन्हा सुरू करायला हरकत नाही. बाटलीत असेल तसाच, एक थेंब. मधूनमधून रक्त बघत राहू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री चहा पीत बसले होते. सून बोक्याला कडेवर घेऊन आली आणि नवी बाटली तिने त्यांच्यासमोर टेबलावर ठेवली. खोकाही उघडलेला नव्हता.

"बाबा, द्या."

मिस्त्रींनी कप खाली ठेवला. "मी नको, पोरी. माझ्या हाताला नको लावूस. तू दे, नाहीतर ट्रकवरून आल्यावर तुझा नवरा देईल. माझ्यावर विश्वास ठेवून एकदा काय झालं ते पाहिलंस ना?"

सून खुर्ची ओढून बसली. बोक्याने टेबलाची कड धरली आणि ती चावायला घेतली. ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली.

"मी वाचलं होतं, बाबा."

"काय वाचलं होतंस?"

"बाटलीवरचं. बाटली घरात आली त्याच दिवशी. हातात आलेला कागद वाचल्याशिवाय मला खाली ठेवता येत नाही, माझा धंदाच तो आहे. रोज एक थेंब लिहिलं होतं. तुम्ही ड्रॉपर लावून दिलात, तेव्हा माझ्या मनात आलं होतं की हे एका थेंबाहून जास्त आहे. मग म्हटलं, बाबांनी बसवलंय म्हणजे विचारूनच बसवलं असणार. गोळ्यांच्या वेळी नव्हतं का विचारलं? आणि दिलं. रोज दिलं. दवाखान्यात तुम्ही सगळ्या बायांच्या देखत सांगितलंत, हिला काही माहीत नव्हतं. आणि मी गप्प बसले. तुम्हाला वाटतंय मी रागावलेय. रागावले नाही बाबा. तुमच्याकडे बघायला मला तोंड नव्हतं."

मिस्त्री तिच्याकडे बघतच राहिले. इतके महिने या पोरीने हे एकटीने वागवलं होतं, आणि तेही त्यांच्याच घरात, त्यांच्यापासून दोन हातांवर. तिने हे कधी सांगितलं नसतं तरी कुणाला कळणार नव्हतं. सगळा दोष त्यांनी आपण होऊन घेतलेलाच होता. तिने त्यातला अर्धा उचलून परत घेतला होता. त्यांचे डोळे भरून आले आणि ते त्यांनी पुसले नाहीत.

"मग मला विचारलं का नाहीस गं त्या दिवशी?"

"कशी विचारणार?" सून म्हणाली. "तुम्ही किती खूश होतात. आई गेल्यापासून तुम्हाला असं हसताना पहिल्यांदा बघत होते मी."

बाहेर नळाखालच्या बादलीत पाणी पडत होतं. बोका टेबल चावून कंटाळला आणि आजोबांच्या बाहीला धरून उभा राहिला. त्यांनी त्याला उचलून मांडीवर घेतलं. कितीतरी महिन्यांनी घेतलं. वजनाने मांडी दबली, तेव्हा त्यांना हसू फुटलं.

"ऐक," ते घसा खाकरून म्हणाले. "यापुढे विचारायचं. मी कितीही खूश असलो तरी विचारायचं. रुसलो तर रुसू दे, जेवायच्या वेळेपर्यंत येतो ताळ्यावर. पण विचारल्याशिवाय राहायचं नाही."

"विचारीन."

"शपथ?"

"शपथ."

मिस्त्रींनी खोका उघडला, बाटली बाहेर काढली, आतलं बूच जागच्या जागी आहे ना ते पाहिलं. मग बाटली डोळ्यांपासून लांब धरली आणि अक्षरं मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "रोज..."

"बाबा," सून म्हणाली. "चष्मा कुठंय?"

मिस्त्री थांबले. त्यांनी सुनेकडे पाहिलं. तिचे डोळे अजून ओले होते, पण नजर हलत नव्हती. त्यांनी निमूटपणे बोक्याला तिच्याकडे दिलं, बाटली टेबलावर ठेवली आणि चष्मा आणायला आत गेले. जाताना त्यांना फार बरं वाटत होतं.